नळी कुणाच्या हाती?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात पक्षाघाताचा रुग्ण येतो. त्याला गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी घातली जाते. केसपेपरवर डॉक्टर लिहितात, 'आरटी फीड २०० मिली, दर दोन तासांनी'. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, तीच नाकातली नळी; फीड म्हणजे तिच्यातून द्यायचं पातळ अन्न. ते द्यायचं कुणी? कागदोपत्री परिचारिकेनं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ५० मिलीची सिरिंज मुलाच्या, सुनेच्या नाहीतर बायकोच्या हातात असते. शेजारी सलाईनचा स्टँड असतो आणि थेंबांचा वेग ठरवणारी चकती फिरवायलाही तोच हात सोकावतो. हे चालू द्यावं की बंद करावं, यावर परिचारिकांमध्येच दोन मतं आहेत. ती इथे एकाच घरातल्या दोघींच्या तोंडी घातली आहेत. आत्या जिल्हा रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आहेत, निवृत्तीला आलेल्या. भाची एम.एस्सी. नर्सिंग करून कॉलेजात शिकवते. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

भाची: आत्या, परवा माझ्या विद्यार्थिनींना घेऊन तुझ्या वॉर्डात आले होते. सात नंबरच्या कॉटवर एक बाई सासऱ्यांना फीड देत होती. पेशंट सपाट आडवा, आणि ही सिरिंजचा दांडा अंगठ्यानं दाबतेय. तुमच्या सिस्टर समोरच टेबलावर रजिस्टर लिहीत होत्या. मी मुलींना काय सांगायचं?

आत्या: बाईला थांबवलंस ना?

भाची: थांबवलं. डोक्याकडची बाजू वर करायला गेले तर पलंगाचं हँडल फिरेना. शेवटी दोन उशा आणि चादरीची घडी पाठीशी लावली.

आत्या: चांगलं केलंस. आता रजिस्टर लिहिणारीचा हिशेब ऐक. त्या दिवशी वॉर्डात सहा आरटी होत्या. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी म्हणजे एकेकाला नऊ वेळा. नऊ सक चोपन्न फीड. हात धुण्यापासून चार्टवर लिहिण्यापर्यंत एकाला पंधरा मिनिटं धर, आणि नीट दिलं तर तेवढी लागतातच. झाले साडेतेरा तास. सोळा तासांतले साडेतेरा तास एक सिस्टर नुसती नळीपाशी उभी. मग इंजेक्शनं कुणी द्यायची? सलाईन कुणी बदलायचं? नवीन अ‍ॅडमिशन कुणी घ्यायची?

भाची: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष काय आहे, हे तू मला पाठ करून घेतलं होतंस. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. तो पाळला जात नाही हे मलाही दिसतं. पण नातेवाइकाच्या हातात सिरिंज दिली की ती कमतरता झाकली जाते. काम तर होतंय, मग जागा भरायची घाई कुणाला?

आत्या: हे तुझं खरं. पण जागा भरेपर्यंत पेशंटनं उपाशी राहायचं का?

भाची: उपाशी राहू नये, आणि गुदमरूही नये. फीड देणं म्हणजे नळीत दूध ओतणं नव्हे गं. ओतणं कुणालाही जमतं. ओतायच्या आधी जे बघायचं असतं ते नर्सिंग. नळी पोटातच आहे का? खोकल्यानं वर सरकून घशात गुंडाळली तर नाही ना? पोट फुगलंय का? पेशंट आज कालच्यापेक्षा जास्त झोपाळलाय का? ही सून हे कधी बघणार?

आत्या: शिकवलं की बघते. माझ्या वॉर्डात नळी घातली की नाकपुडीपाशी खूण करतो, किती सेंटीमीटरवर आहे ते केसपेपरवर आणि कॉटच्या पाटीवरही लिहितो. घालताना नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजलेलं असतंच. नातेवाइकाला एकच सांगते, खूण नाकातून बाहेर आली असेल तर एक थेंबही घालायचा नाही, मला हाक मारायची. आणि मी स्वतः नळीत हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपनं ऐकते. पोटात गुडगुडलं की नळी जागेवर.

भाची: त्या गुडगुडीवरच माझा विश्वास नाही. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा यंत्रणेनं २००५ मध्येच सांगितलं, हवा मारून ऐकण्याच्या भरवशावर फीड सुरू करू नका. नळी अन्ननलिकेत अडकलेली असो की श्वासनळीतून फुप्फुसात गेलेली असो, आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून थोडा द्राव ओढून पीएच कागदावर बघायचा, ५.५ किंवा त्याहून कमी आला तर पोट. द्राव आलाच नाही किंवा शंका राहिली तर एक्स-रे.

आत्या: पीएच कागद इंडेंटमध्ये लिहिला तर स्टोअरवाला विचारतो, सिस्टर, हे लॅबचं सामान तुम्हाला कशाला? आणि माझे निम्मे पेशंट पॅन्टोप्राझोलवर. त्यांच्या पोटातलं आम्लच कमी झालेलं, तुझा कागद ६ दाखवणार.

भाची: म्हणून तर पहिल्या वेळी एक्स-रे. तो एकदाच लागतो. नंतर दर वेळी खूण, तोंडात टॉर्च मारून घसा, आणि ओढलेला द्राव. हे सगळं मिळून ठरवायचं. नुसत्या आवाजावर नाही.

आत्या: हे मला मान्य. टॉर्च मारून घसा बघायला तर काही खर्च नाही. एकदा एका आजोबांचं फीड चालू करायच्या आधी तोंड उघडून बघितलं, तर अर्धी नळी गालात शेवयांसारखी गोळा झालेली. बाहेर खूण मात्र जागच्या जागी.

भाची: बघ! आणि तुमच्याकडची नळी मूळची फीडसाठी नाहीच. जॉन आल्फ्रेड राइल या लंडनच्या डॉक्टरनं १९२१ मध्ये ती पोटातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी म्हणून सांगितली होती. काढायला जाड आणि कडक नळी बरी. फीडला बारीक, मऊ हवी. आपण १६ नंबरची घालतो, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर जाडीची पीव्हीसी. ती काही दिवसांत कडक होते, नाकपुडीला जखम करते. चिकटपट्टी रोज बदलून नाकपुडी पुसणं हे कुणी करतं का?

आत्या: तेच तर नातेवाईक करतात! तोंड पुसणं, ओठांना तूप लावणं, चिकटपट्टी घामानं सुटली की सांगणं. नळीनं जेवणाऱ्या पेशंटच्या तोंडात काही जात नाही म्हणून आपल्यातल्या चांगल्या चांगल्या सिस्टर तोंडाची स्वच्छता विसरतात. सुना विसरत नाहीत.

भाची: तोंड पुसण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत सिरिंजला आहे. तू शिकवतेस ते नक्की काय शिकवतेस? करून दाखव बघू.

आत्या: हे बघ. आधी पाठ टेकवून बसवायचं, निदान अर्धं उठलेलं, ३० ते ४५ अंश. हँडल मोडलं असेल तर उशा, पण फीडच्या आधी. हात साबणानं. मग खूण. मग मी किंवा माझ्या वॉर्डातली सिस्टर द्राव ओढून बघणार. हिरवट-पिवळा असला तर ठीक. कॉफीच्या गाळासारखा काळपट आला तर फीड बंद, डॉक्टरांना कळवायचं. मग ३० मिली पाणी. मग सिरिंजचा दांडा काढून ठेवायचा. कपाटात नव्हे, माझ्या टेबलावर.

भाची: टेबलावर का?

आत्या: हाताशी असला की दाबला जातो. नुसतं नळकांडं नळीला लावायचं, नळी बोटांनी दुमडून धरायची, फीड ओतायचं, मग बोट सोडायचं. छातीच्या वर दीड-एक फूट उंच धरलं की आपल्या वजनानं जातं. २०० मिलीला पंधरा मिनिटं. जोरात जायला लागलं तर हात खाली, अडकलं तर थोडा वर. नळकांडं पूर्ण रिकामं व्हायच्या आत पुढचं ओतायचं, नाहीतर हवा जाते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी आणि बूच. नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, पंधरा मिनिटांत कूस बदलायला लागायचं नाही.

भाची: हे सगळं बरोबर आहे. पण परवा ती बाई दांडा दाबतच होती ना? तू शिकवलेलं असून?

आत्या: दांडा तिनं बाहेरून आणलेला. मेडिकलमधून नवी सिरिंज घेतली. म्हणाली, सिस्टर, मामंजी उपाशी आहेत हो, इतकं हळू हळू जातं, पोटात लवकर जाऊ दे म्हणून दाबलं.

भाची: हेच मी म्हणते. मायेनंच दांडा दाबला जातो. आपल्याकडे आजारी माणसाला आपल्या हातानं भरवणं हे कर्तव्य असतं, त्यात घाई असते, काळजी असते, अपराधी वाटणं असतं. नर्सला ते वाटत नाही, म्हणून ती थांबू शकते. पेशंटला खोकला आला, चेहरा निळसर झाला, की ती नळी दुमडते. नातेवाईक 'आता एवढंच राहिलंय' म्हणतो.

आत्या: मग तुला एक विचारते. १९७१ चं बनगाव तू तुझ्या मुलींना शिकवतेस ना?

भाची: डॉ. दिलीप महालनबीस. हो.

आत्या: पश्चिम बंगालमधल्या त्या गावात बांगलादेशातून निर्वासित आलेले, कॉलरा पसरलेला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं, हात अपुरे. महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी करून ड्रमांत भरलं आणि नातेवाइकांना सांगितलं, तुमच्या माणसाला तुम्हीच पाजा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या वेळीही पुस्तकं हेच म्हणत होती, की हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, लोकांच्या हाती द्यायचं नाही. पुढे जगभर तेच पाणी गेलं. नातेवाइकाच्या हातावर भरवसा टाकला म्हणून माणसं वाचली बाई, नर्सेस वाढल्या म्हणून नाही.

भाची: मानलं. याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तुला आवडेल की नाही माहीत नाही. बनगावात पेशंट तोंडानं पीत होता. तोंडाला पहारेकरी असतो. तहान भागली की माणूस भांडं बाजूला सारतो, ठसका लागला की थांबतो, जास्त झालं की ओकतो. पाजणारा चुकला तरी पिणारा सावरून घेतो. नळीवाल्याचा तो पहारेकरी उठून गेलेला असतो. त्याला 'पुरे' म्हणता येत नाही. कुणी तरी त्याच्या वतीनं पुरे म्हणायला हवं, आणि ते कधी म्हणायचं हे कळायला शिक्षण लागतं.

आत्या: …हं. हे मात्र बरोबर बोललीस.

भाची: आणि शिरेला तर पहारेकरीच नाही. तिथे जे सोडाल ते थेट रक्तात. तुझ्या वॉर्डातले नातेवाईक सलाईनची चकती फिरवतात हे मी स्वतः पाहिलंय. '५०० मिली आठ तासांत' असं लिहिलेलं असतं. २० थेंबांना एक मिली पडणारा सेट असेल तर मिनिटाला २१ थेंब. 'बाटली लवकर संपली की दुसरी लावतील, पेशंटला ताकद येईल' म्हणून हे लोक धार सोडतात. त्या बाटलीत डॉक्टरांनी पोटॅशियम घातलेलं असेल तर? ते ठरल्यापेक्षा जोरात गेलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.

आत्या: तिथे तुझ्या-माझ्यात मतभेद नाहीच. चकतीला हात लावलेला मला दिसला तर मी नातेवाइकाला वॉर्डाबाहेर उभं करते. पण का लावतात ते बघ. बाहेर सगळीकडे हेच चाललंय ना, अशक्तपणा आला की लावा एक सलाईन. मी त्यांना हिशेब सांगते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ८५ कॅलरी. घरच्या एका भाकरीत त्याहून जास्त. आणि नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, धडधाकट माणसानंही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं. हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्याला 'ताकदीसाठी' दोन बाटल्या म्हणजे पायाला सूज आणि रात्री धाप. हे कळलं की चकतीला हात लागत नाही.

भाची: असं सांगायला तुला वेळ मिळतो?

आत्या: सलाईन लावताना सांगते. हात चालू असतो, तोंड रिकामंच असतं. आणि एक गोष्ट तुझ्या पुस्तकात नसेल. रात्री तीन वाजता सुईच्या जागी सूज आली तर ती पहिल्यांदा कुणाला दिसते? मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असते. बायको हात हातात धरून बसलेली असते. ती सांगते, सिस्टर, हात गार लागतोय, फुगलाय. सलाईन शिरेबाहेर मांसात जात असतं. तिनं सांगितलं नसतं तर सकाळपर्यंत हात फुग्यासारखा झाला असता.

भाची: पुस्तकात आहे ते. शिरेची सूज मोजायची एक पट्टीच आहे, ० ते ५. अँड्र्यू जॅक्सन नावाच्या ब्रिटिश नर्सनं १९९८ मध्ये दिलेली. दुखतंय का, लाली आहे का, सूज आहे का, शीर दोरीसारखी कडक लागते का, त्यावर आकडा. दर पाळीला लिहायचा.

आत्या: आणि बहात्तर तास झाले की सुई बदलायची.

भाची: ते आता राहिलं नाही. ऑस्ट्रेलियात ३२८३ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला. निम्म्यांची सुई तीन दिवसांनी ठरवून बदलली, निम्म्यांची गरज पडली तेव्हाच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ७ टक्के. मग चांगली चाललेली सुई काढून पेशंटला पुन्हा का टोचायचं? आता नियम असा, की लक्षण दिसलं तर बदला, नाहीतर ठेवा.

आत्या: त्या अभ्यासात सुईकडे रोज कुणी तरी बघत असणार.

भाची: अर्थातच.

आत्या: मग तुझा नवा नियम 'बघा आणि ठरवा' असा आहे. बघायला माणूस असेल तिथे तो उत्तम. जिथे तीन पाळ्यांत सुईकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिथे जुना बहात्तर तासांचा नियम निदान एकदा तरी कुणाला त्या हाताकडे बघायला लावायचा. नियम काढलात तर बघणारं माणूसही द्या. नाहीतर पट्टीचं कागदपत्र तेवढं वाढेल आणि प्रत्येक पाळीला 'शून्य' लिहून मोकळे होतील.

भाची: …याला उत्तर नाही माझ्याकडे. बरं, आता माझी सगळ्यात मोठी भीती सांगते. एकाच कॉटवर एक नळी नाकात, एक शिरेत, कधी एक लघवीची. रात्री दिवे मंद. फीडची सिरिंज सलाईनच्या थ्री-वेला, म्हणजे औषध सोडायच्या तोंडाला, लागली तर दूध रक्तात जातं. जगभर असे मृत्यू झालेत. म्हणून परदेशात फीडच्या नळ्यांची तोंडं आता अशी करतात की ती शिरेच्या सेटला बसतच नाहीत. आपल्या वॉर्डात साधी सिरिंज कुठेही बसते.

आत्या: माझ्याकडे फीडला मोठ्या, निमुळत्या तोंडाचीच सिरिंज. औषधाची सिरिंज फीडला वापरलेली दिसली की कचऱ्यात. आणि शिकाऊ मुलींना सांगते, काहीही जोडायच्या आधी नळीवर बोट ठेवून पेशंटच्या अंगापर्यंत जायचं. नाकात जातेय की हातात, डोळ्यानं नाही, बोटानं बघायचं.

भाची: ते नातेवाइकाला सांगतेस?

आत्या: नाही. तिथे तू जिंकलीस. ज्याच्या हाताला सलाईन चालू आहे आणि नाकात नळीही आहे, त्याचं फीड आजपासून आमच्याच हातून. झोपेत असलेल्या नातेवाइकाकडून ही चूक होऊ शकते.

भाची: आणि गोळ्या? त्या नळीतून कोण देतं?

आत्या: …तेही नातेवाईक. चुरून.

भाची: वरून खास आवरण असलेली गोळी चुरली तर ती पोटातच फुटते, हळू सुटणारी गोळी चुरली तर दिवसभराचा डोस एकदम जातो. फिटसाठीचं फेनिटॉइन फीडबरोबर दिलं तर अंगात नीट लागत नाही. आधी-नंतर तास-दोन तास फीड थांबवावं लागतं. फीड बरोबर दिलं, पण फिट आली, अशी केस होते मग. गोळी कोणती, द्रवरूपात मिळते का, फीडपासून किती अंतर, हे सिस्टर आणि फार्मासिस्टनंच बघायचं.

आत्या: लिहून घेते. पण फीडमध्ये काय असावं ते आधी बघ. लोक घरून वरणावरचं पाणी आणतात, भाताची पातळ पेज आणतात. नळीतून सहज जातं म्हणून. त्यात काय असतं? ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी हव्यात. नऊ फीडचं मिळून १८०० मिली. ते सगळं दूधच दिलं तरी हजार-अकराशेपर्यंत जातं, आणि हे वरणाचं पाणी देतात. पेशंट नळीला लागूनही उपाशी. म्हणून डाएटिशियनकडून लिहून घेते: घोटून गाळलेलं वरण, दूध, अंडं, नाचणीचं सत्त्व, वरून चमचाभर तेल, मधुमेह नसेल तर साखर.

भाची: पण आठवडाभर काहीच न खाल्लेल्याला पहिल्याच दिवशी एवढं नको. एकदम भरलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, जिवावर बेततं. पहिल्या दिवसांचं प्रमाण डॉक्टर आणि डाएटिशियननं ठरवायचं. आणि सकाळी केलेलं फीड थर्मासात घालून संध्याकाळपर्यंत वापरतात, त्याचं काय?

आत्या: उन्हाळ्यात तर ते दुपारी आंबतं. माझा नियम एक फीड, एक भांडं. केलेलं लगेच द्यायचं, उरलेलं टाकायचं. हा नियम कोण पाळतं सांगू? नातेवाईकच. किचनमधून आलेलं फीड वॉर्डाच्या टेबलावर तास-तास पडून असतं.

भाची: आत्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण तू नेहमी द्यायचीस. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, १८ मे २०१५ ला गेल्या. चाळीसहून जास्त वर्षं तिथल्या नर्सेसनी भरवलं, आधी कुस्करलेला घास, शेवटी नळी. हे दुसऱ्या कुणाकडे सोपवलं नाही. मला तर तोच नर्सिंगचा मापदंड वाटतो.

आत्या: मापदंड आहेच. पण नातेवाईक येईनासे झाले तेव्हा त्या नर्सेसच तिच्या घरच्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात तिच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच दिला. तिथे नर्स नातेवाईक झाली. मी नातेवाइकाला थोडी नर्स करते, कारण तो पेशंट पंधरा दिवसांनी नळीसकट घरी जाणार आहे. तालुक्यापलीकडच्या गावात कोणती सिस्टर जाणार दर दोन तासांनी? वॉर्डात हात लावू दिला नाही तर तो पहिलं फीड घरी देईल, एकटा, कुणी न बघता.

भाची: घरी जायच्या आधी शिकवायलाच हवं, हे मला मान्य आहे. पण शिकवलं म्हणजे काय? सांगितलं म्हणजे शिकवलं नव्हे. तिनं तुझ्यासमोर करून दाखवायचं, चुका न करता, आणि मग केसपेपरवर लिहायचं. धोक्याची लक्षणं तिनं तिच्या तोंडानं सांगायची: फीड देताना खोकला, धाप, उलटी, पोट टणक, काळपट द्राव. नळी निघाली तर परत आत ढकलायची नाही, दवाखान्यात यायचं. आणि चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर नाकातल्या नळीऐवजी पोटावरून घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. हे कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत.

आत्या: देते. मग वॉर्डातल्या चोपन्न फीडचं काय ठरवायचं?

भाची: प्रत्येक पाळीतलं पहिलं फीड सिस्टरच्या हातून. तीन पाळ्या, सहा पेशंट, अठरा फीड.

आत्या: साडेचार तास.

भाची: उरलेली छत्तीस नातेवाइकानं द्यायची, पण सिस्टरनं आधी येऊन खूण, घसा, पोट आणि पाठीची उशी बघून 'द्या' म्हटल्यावरच. दोन मिनिटं.

आत्या: सव्वा तासाच्या आत. म्हणजे साडेतेरा तासांचं काम पावणेसहा तासांवर. हे मला झेपेल. कायमचं मात्र नाही. मागणीचं पत्र दर तिमाहीला वर जाणार, आणि त्यात हा हिशेब असणार.

भाची: आणि हात-नाक दोन्हीकडे नळी असलेला पेशंट सिस्टरचाच.

आत्या: सिस्टरचाच. गोळ्याही.

या दोघींचं जिथे जुळलं तिथेच या प्रश्नाचं उत्तर आहे. तोंडानं घेणाऱ्या रुग्णाला नातेवाइकानं मोकळ्या हातानं भरवावं. नळीला नातेवाइकाचा हात चालेल, पण शिकून आणि प्रत्येक वेळी परिचारिकेनं 'द्या' म्हटल्यावरच. शिरेतल्या सुईला नातेवाइकाचे फक्त डोळे हवेत, हात नको. आणि यातलं काहीही परिचारिकांच्या रिकाम्या जागा तशाच ठेवायचं निमित्त होऊ नये.

आपलं माणूस वॉर्डात असेल तर वाचकांनी एवढं करावं: नळीवरची खूण कितीवर आहे ते विचारून घ्यावं, सिरिंजचा दांडा वापरू नये, फीडच्या आधी आणि नंतर डोकं वर आहे का बघावं, सलाईनची चकती फिरवू नये, सुईच्या जागी सूज, लाली किंवा दुखणं दिसलं तर रात्री तीन वाजताही सिस्टरना उठून सांगावं. फीड देताना खोकला आला तर लगेच नळी दुमडावी आणि हाक मारावी. राहिलेलं फीड नंतर देता येतं.